दिव्यांग मुलाचं पहिलं कम्युनियन : तयारी कशी करायची, फादरांशी काय बोलायचं

मी गेली काही वर्षं आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आमच्या भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये) रविवारचं धर्मशिक्षण घेते आणि माझ्या बहिणीच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. दरवर्षी कुणीतरी आई क्लास सुटल्यावर दाराशी थांबते आणि हळूच विचारते, टीचर, आमच्या बाळाला पण मिळेल का हो ख्रिस्तप्रसाद? ख्रिस्तप्रसाद म्हणजेच कम्युनियन, मिस्सात (चर्चच्या मुख्य उपासनेत) ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिला जाणारा पवित्र भाकरीचा तुकडा. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम ७७७ सांगतं की शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्यांनाही त्यांच्या परिस्थितीला झेपेल तसं धर्मशिक्षण मिळेल हे बघायची जबाबदारी पॅरिश प्रीस्टची आहे. कलम ८४३ म्हणतं, जो योग्य रीतीने मागतो, मनाने तयार आहे आणि ज्याला कायद्याने मनाई नाही त्याला कम्युनियनसारखा चर्चचा संस्कार नाकारता येत नाही. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'साक्रामेंतुम कारितातिस' या दस्तऐवजात लिहिलं की मानसिक अपंगत्व असलेल्यांना शक्य असेल तिथे कम्युनियन द्यावं, ते आपल्या कुटुंबाच्या आणि सोबतच्या समाजाच्या श्रद्धेतही ते स्वीकारतात. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे मुलाने एकट्याने सगळं समजून घ्यायचं असं नाहीच, त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसलेली आजी पण त्यात धरलीय.

मग अट काय? तर साध्या खाण्यात आणि ख्रिस्ताच्या शरीरात फरक आहे एवढं मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे जाणवलं पाहिजे. दहा आज्ञा तोंडपाठ पाहिजेत असं कुठेही नाही. १९१० साली पोप दहावे पायस यांनी कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं तेव्हाही मुद्दा हाच होता की मुलांकडून मोठ्यांसारखी समज मागू नका. आणि काही पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये तर तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळीच ख्रिस्तप्रसाद देतात, त्या बाळाला कुणी प्रश्न विचारत नाही.

फादरांना निदान सहा महिने आधी भेटा, आणि मिस्सा संपल्यावर गर्दीत नको, वेळ घेऊन भेटा. मूल सोबत न्या. 'आमचा मुलगा स्पेशल आहे' एवढंच सांगून थांबू नका, तो काय करतो ते सांगा, म्हणजे मिस्साला घंटा वाजली की शांत होतो, क्रूस दिसला की हात कपाळाला नेतो, असं. कारण फरक कळणं हे शब्दांतच दिसायला पाहिजे असं नाही, हावभावात आणि गप्प राहण्यातही ते दिसतं. फादर नाही म्हणाले तर भांडू नका पण सोडूनही देऊ नका, वरची कलमं नम्रपणे दाखवा, तरीही नाहीच झालं तर बिशप हाउसला पत्र लिहिता येतं.

आता शिकवायचं काय. एकच वाक्य निवडा आणि महिनोन्‌महिने तेच वापरा. आमच्याकडे ते होतं 'हा येशू, माझा मित्र'. मी काय केलं, मोबाइलवर आमच्याच चर्चचे फोटो काढले, गेट, पवित्र पाण्याचं भांडं, आमचा नेहमीचा बाक, वेदी, फादरांनी वर धरलेला होस्तिया (कम्युनियनची पातळ गोल चकती), आणि लॅमिनेट करून रिंगमध्ये ओवले. तयार चित्रांची पुस्तकं मिळतात पण त्यातलं चर्च वेगळंच असतं, ह्या मुलांना आपलं तेच ओळखीचं लागतं. मग जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बेकरीचा पाव ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला होस्तियाचा फोटो, पावाकडे बोट दाखवून 'पोटाला', फोटोकडे बोट दाखवून 'येशू'. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. भाच्याला यायला चार महिने लागले आणि एके दिवशी त्याने पाव बाजूला सारून फोटोवर हात ठेवला, फोटोची पापी घेतली. बहीण उठून किचनमध्ये निघून गेली आणि मीही त्या दिवशी पुढचं काही शिकवू शकले नाही.

खरी अडचण बऱ्याचदा होस्तिया तोंडात घ्यायची असते. कोरडा, पातळ, कागदासारखा, टाळूला चिकटतो आणि मूल घाबरून बाहेर काढतं. म्हणून पॅरिशकडून अभिमंत्रित न केलेले थोडे होस्तिया मागून घ्या आणि घरीच सराव करा, चर्चमध्ये नको, आणि त्याला कधीही 'येशू' म्हणू नका, नाहीतर महिनोन्‌महिने शिकवलेला फरकच पुसला जातो, आम्ही त्याला 'चकती' म्हणायचो. आधी पाण्याचा घोट, मग नखाएवढा तुकडा, परत पाणी. लहान कणातही ख्रिस्त पूर्ण असतो, त्यामुळे फादरांनी एवढासाच तुकडा दिला तरी ते अर्धवट कम्युनियन नाही. घन पदार्थ गिळताच येत नसेल तर कलम ९२५ प्रमाणे फक्त द्राक्षारसाच्या रूपातही देता येतं, चमच्याने काही थेंब, पण ट्यूबने फीडिंग चालू असेल तर डॉक्टर आणि फादर दोघांशी आधी बोला. सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असेल तर कमी ग्लूटेनचा होस्तिया मागवावा लागतो, पूर्ण ग्लूटेन काढलेला चर्चमध्ये चालत नाही. आणि कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाचं टेन्शन घेऊ नका, आजारी माणसांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना त्यातून सूट आहे.

कुमसाराबद्दल, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याबद्दल, थोडक्यात सांगते. चूक-बरोबर ज्याला कळतच नाही त्याच्यावर पाप कबूल करायचं बंधन येत नाही. ज्याला थोडं कळतं त्याला चित्र दाखवून, खुणेने करू द्या. कर्णबधिर मुलासाठी दुभाषी पण चालतो आणि गुपित पाळायचं बंधन त्यालाही असतं.

नातेवाइकांचं बोलणं मात्र सांभाळावं लागतं. 'तो तर देवदूतच आहे, त्याला कशाला कम्युनियन' हे सगळ्यात जास्त ऐकलंय, प्रेमानेच म्हणतात पण त्यात त्याला माणसातून काढून टाकतात हे लक्षात येत नाही. तो देवदूत नाही, त्याला भूक लागते, राग येतो, बहिणीची खेळणी लपवतो, तो माणूस आहे आणि येशू माणसांसाठी आला. दुसरं म्हणजे 'कुणाच्या पापाचं फळ' हे, त्याला योहानाच्या नवव्या अध्यायातलं उत्तर द्या, शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं आणि येशूने सांगितलं, ना ह्याने पाप केलं ना ह्याच्या आईबापांनी.

इथे मला मनातलं बोलायचंय. आपलं चर्च गर्भातल्या बाळाच्या बाजूने ठामपणे उभं राहतं, २०२४ च्या 'दिग्नितास इन्फिनिता' या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात तर स्पष्टच आहे की माणसाची प्रतिष्ठा त्याच्या कुठल्याही परिस्थितीवर अवलंबून नाही, आणि मला ते मनापासून पटतं. पण सोनोग्राफीत दोष निघाला तेव्हा ज्या आईला आपण सांगितलं, बाळ ठेव, देव आहे, तीच आई आठ वर्षांनी त्याला घेऊन मिस्साला आली आणि त्याने मध्येच आवाज काढला की चार माणसं वळून बघतात, मग ती पुढच्या रविवारपासून बाहेर पोर्चमध्ये उभी राहते. तिला आत बाकावर जागा करून देणं हे पण तेच काम आहे.

त्या दिवसासाठी, पांढरे कपडे आठवडाभर आधी घरी घालून बघा आणि कॉलरचं लेबल कापून टाका. मधल्या वारी रिकाम्या चर्चमध्ये दोनदा रांगेत चालवून आणा. बाक कडेचा, स्पीकरपासून लांब, आवाज सहन होत नसेल तर इअरमफ लावा, कुणी काही म्हणालं तर म्हणू द्या. फोटोग्राफरला फ्लॅश बंद ठेवायला सांगा. आणि फादरांकडे एक हट्ट जरूर धरा, त्याला शेवटी वेगळं बोलवायचं नाही, सगळ्या मुलांच्या मधोमध, त्याच्या उंचीप्रमाणे जिथे नंबर येतो तिथेच उभं करायचं.

ऐनवेळी त्याने तोंड उघडलंच नाही तर जबरदस्ती करू नका, पुढच्या रविवारी परत या. भाच्याचंही पहिल्या दिवशी झालं नाही, पाहुणे जेवून गेले, केक कापला, आणि पुढच्या रविवारी सकाळच्या सातच्या मिस्साला, गर्दी नसताना, साध्या टीशर्टमध्ये त्याने घेतला. आता दर रविवारी त्याच रांगेत, त्याच फादरांकडे जातो, 'आमेन' जरा उशिराने येतं आणि फादर तेवढा वेळ हात तसाच धरून थांबतात.