धुराची तक्रार टिकेल अशी कशी करावी

आमच्या गोवंडीला लागून असलेलं देवनारचं डम्पिंग, म्हणजे मुंबईचा कचरा टाकायची जागा, १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ च्या आगीत धूर मुंबईभर पसरला, तेव्हा सगळ्यांनी दखल घेतली. एरवी तो आम्हा गोवंडीकरांच्याच छातीत जातो. मी शिवाजीनगरात बालवाडी चालवते. दम लागलेली पोरं रोज समोर बसतात, म्हणून हे लिहितेय.

"साहेब, फार त्रास होतो" एवढ्याच तक्रारीचं काही होत नाही. आधी एक वही करा. वेळ, गल्ली, वास कसला, वारा कुठून, कोणाला काय झालं, एवढंच लिहा: "रात्री ११.२०, डम्पिंगच्या भिंतीलगत, वायर जळल्याचा वास, शेजारच्या पोराला धाप." 'समीर' अ‍ॅपवर त्या वेळचा हवेचा आकडा बघून स्क्रीनशॉट ठेवा. दवाखान्याचे केसपेपर फेकू नका, झेरॉक्स वहीला लावा.

मग अर्ज. एक महापालिकेच्या एम पूर्व विभाग कार्यालयाला, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. दोन्हीकडून तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. धूर करणारा पुष्कळदा आपल्याच गल्लीतला असतो. बारावी झालेला पोरगा मुलाखतीत पत्ता सांगतो, समोरच्याचा चेहरा बदलतो, काम मिळत नाही. मग तो वायर जाळून तांबं काढतो आणि भंगारवाल्याला विकतो. अर्जात त्याचं नाव अजिबात घालू नका. उद्या पोलीस त्यालाच उचलतील, नोंद झाली की उरलीसुरली नोकरीही गेली, आणि वायर दुसरा कोणी जाळेल. जागा लिहा, वेळ लिहा, जळलेली वायर विकत घेणाऱ्या गोदामांची तपासणी मागा. सह्या घेताना ज्यांच्यावर आधीच केस आहे त्यांना पुढे करू नका. म्हाताऱ्या बायका, रिक्षावाले, दुकानदार यांच्या सह्या आधी घ्या. आणि त्या पोराच्या आईशी एकदा बोला. अर्ज कोणाविरुद्ध आहे हे तिला तुमच्याच तोंडून कळू दे.

महिनाभरात हालचाल नाही, तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. "कारवाई का केली नाही?" असं विचारू नका, त्यावर हात झटकतात. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्या" असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका.

हे सगळं फुकट जात नाही. गोवंडीतली दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी दोन वर्षांत हलवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. याचिका इथल्याच रहिवाशांच्या संस्थेची होती.

पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयात, जायचं तर वाद उभा राहिल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, तेव्हा पहिली नोंद आणि पहिली पोच जपा. वकिलाच्या पैशासाठी अडू नका. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. सहीसाठी घरातल्या बाईचं नाव पुढे ठेवा.