ऑस्करच्या नामांकनांची यादी खालून वर कशी वाचावी

ऑस्करची नामांकनं बहुतेक वर्षी जानेवारीत जाहीर होतात, आणि आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात ती ऐन गर्दीची वेळ. लग्नसराईचे ब्लाउज, फॉल-पिको, कुणाची बाही घट्ट, कुणाचा गळा मोठा. तरी मी मशीनच्या ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढून समोर ठेवतेच. २००२ साली पहिली वही सुरू केली, आता पाचवी चालू आहे. यादी कशी वाचायची हे मला कुणी शिकवलं नाही, आणि पहिली काही वर्षं मी ती चुकीची वाचत होते. भाचीला समोर बसवून जे सांगते तेच इथं लिहिते.

पहिली गोष्ट, यादी वरून वाचू नका. वर सर्वोत्कृष्ट चित्रपट, नट, नटी, दिग्दर्शक असतात. ती नावं टीव्हीवाले दिवसभर ऐकवणारच आहेत. तुमचा हात ज्या कामात बसलाय, त्या कामाची ओळ आधी शोधा. आमच्या गल्लीत मंडपाचं साउंड लावणारा एक मुलगा आहे. तो फक्त ध्वनीची ओळ बघतो आणि त्यातले दोन चित्रपट हेडफोन लावून ऐकतो. ऐकतो म्हणजे खरंच ऐकतो, पडद्याकडे पाठ करून. मी वेशभूषेची ओळ बघते.

यामागं कारण आहे. नामांकन ठरवताना वेशभूषेची मतं अकादमीतले, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेतले, वेशभूषाकारच देतात, संकलनाची संकलक देतात, छायांकनाची छायाचित्रकार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनाला तेवढी सगळ्यांची मतं चालतात. पुढं शेवटच्या फेरीत मात्र दहा हजारांवर सभासदांपैकी कुणीही कुठल्याही विभागात मत देऊ शकतो. म्हणजे नामांकन ही जाणकारांची पारख, आणि पुरस्कार हा साऱ्या गावाचा कौल. माझ्या शिवणीची उसवण दुसरी शिवणारीच ओळखते. गिऱ्हाईक फक्त आरशात बघतं. म्हणून पुरस्कार कुणाला मिळाला यापेक्षा त्या पाच जणांत कोण होतं, हे मी आधी लिहून घेते. ९८ व्या सोहळ्यापासून अकादमीनं एक नियम केला, तो मला फार पटला: विभागातले सगळे चित्रपट बघितल्याशिवाय शेवटच्या फेरीत त्या विभागाचं मत देता येत नाही.

सवय लावायची असेल तर एका वर्षाची एकच ओळ घेऊन बसा. अकादमीच्या संकेतस्थळावर पहिल्या सोहळ्यापासूनची सगळी नामांकनं शोधता येतात, पैसे पडत नाहीत. मी प्रत्येकीला ५५ व्या सोहळ्याची, म्हणजे एप्रिल १९८३ ची, वेशभूषेची ओळ देते. त्यात पाच चित्रपट होते: ‘गांधी’, ‘ला त्राव्हियाता’, ‘सोफीज चॉइस’, ‘ट्रॉन’ आणि ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’. आता हे पाच कपडे एका दोरीवर वाळत घातलेत असं समजा. एका टोकाला ऑपेराचे घेरदार झगे. त्याच्या शेजारी पॅरिसमधली एक बाई पुरुष बनून बाईचं सोंग घेते, तिचे कोट आणि पिसं. मध्ये छळछावणीतून वाचून ब्रुकलिनला आलेल्या बाईचे कपडे. मग ‘ट्रॉन’मधले संगणकाच्या आतल्या माणसांचे, रेघा चमकणारे पोशाख, ती चमक कापडात नव्हती, नंतर चित्रफितीवर आणलेली. आणि दुसऱ्या टोकाला खादी.

या ओळीत खादीला पुरस्कार मिळाला. जॉन मोलो यांच्या बरोबरीनं तो घेणाऱ्या भानु अथैया आपल्या कोल्हापूरच्या, इथून सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या. वडील चित्रकार, स्वतःचं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ऑस्कर घेणारी पहिली भारतीय व्यक्ती हीच. व्यासपीठावरून त्यांनी ‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांचे आभार मानले ते जगाचं लक्ष भारताकडं वळवल्याबद्दल.

‘गांधी’ बघताना एक करा. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त कपडे बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वेच्या डब्यात बॅरिस्टरचा सूट आहे: खांदा बसवलेला, कॉलर कडक, अंगाबरहुकूम बेतलेला. तिथून पंचापर्यंत कापड कमी कमी होत जातं आणि शिवण तर नाहीशीच होते. एका प्रसंगात नदीकाठी एक गरीब बाई दिसते. गांधीजी आपल्याजवळचं पांढरं कापड पाण्यात सोडतात, ते वाहत तिच्याकडे जातं आणि ती ते उचलून अंगावर घेते. ना टीप, ना काज, ना बटण. तीस वर्षं मी अस्तर लावते, टक्स घालते, आणि हा प्रसंग बघताना दर वेळी मशीनवरचा हात थांबतो. कापड अंगावर कसं पडतं, ओलं झाल्यावर जड कसं होतं, हे ज्या बाईला ठाऊक होतं तिच्या चित्रपटात असा प्रसंग शोभतो. भाची म्हणाली, “आत्ये, ह्यात शिवलंय कुठं? मी असलं दहा मिनिटांत करतो की.” मी तिला पंचा दिला आणि बारा माणसांच्या अंगावर बारा तऱ्हांनी बसवायला सांगितला. चौथ्यालाच ती थांबली.

हे झालं की त्याच ओळीतला दुसरा एक चित्रपट बघा, शक्यतो तुम्हाला नको वाटणारा. मी ‘ट्रॉन’ तसाच बघितला. त्याखाली वहीत लिहिलंय, “शिवण नाही, पण माप चोख.” हे मत मी अजून बदललेलं नाही.

वहीची पानं कशी आखायची? डावीकडं सोहळ्याचा क्रमांक, मग सोहळ्याचं साल, मग चित्रपटाचं साल, नंतर पाच नावं. शेवटचा रकाना रुंद ठेवा. तिथं बघून झाल्यावरच लिहायचं. सालाचा घोळ सगळ्यांचाच होतो. पुरस्कार आदल्या वर्षीच्या चित्रपटांना असतो, म्हणून ‘गांधी’ कुठं १९८२ चा दिसतो तर कुठं १९८३ चा. माझी युक्ती सोपी आहे: सोहळ्याच्या सालातून १९२८ वजा करा. १९८३ मधून वजा केलं की ५५, २००२ मधून ७४, २०२३ मधून ९५. १९३४ पासून हा हिशोब चुकत नाही. त्याआधी १९३० साली दोन सोहळे झाले आणि १९३३ साली एकही नाही. चित्रपटाचं साल हवं असेल तर सोहळ्याच्या सालातून एक कमी करा. फक्त ९३ व्याला जपा. कोविडमुळं त्यात २०२१ चे पहिले दोन महिनेही धरले होते.

आता शब्दांचं, कारण इथं माझी मोठी चूक झाली होती. २००४ च्या शरदात ‘श्वास’ ऑस्करला जाणार असं पेपरात आलं. अमेरिकेतल्या प्रचारासाठी लोक वर्गणी काढत होते, आणि मला वाटलं नामांकन मिळालं. मी दोन किलो कुंदा आणून अख्ख्या गल्लीत वाटला. शेजारच्या कन्नड अक्कांनी कुंदा घेताना विचारलं, “ऑस्कर बंतेन्री?” म्हणजे ऑस्कर आलं का? मी हो म्हटलं. जानेवारीत यादी आली तेव्हा ‘श्वास’ तिच्यात नव्हता. अक्कांना परत जाऊन सांगायला मला आठ दिवस लागले. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून ते लागतं. चित्रपट तोलामोलाचा होता. मीच पायरी चुकीची सांगितली होती.

तर पायऱ्या अशा. प्रत्येक देश आंतरराष्ट्रीय विभागासाठी एकच चित्रपट पाठवतो. भारताचा फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. ही झाली प्रवेशिका. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट या पायरीपर्यंत गेले, आणि ही पायरी काही लहान नाही. त्यानंतर पंधरांची शॉर्टलिस्ट; २०२२ च्या डिसेंबरात गुजराती ‘छेल्लो शो’ तिथवर पोचला. मग पाचांचं नामांकन. तिथं ‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’नंतर तिसरा पोचला तो ‘लगान’. लघुपटांचा रस्ता वेगळा, तिथं काही ठरावीक महोत्सवांतला पुरस्कार मिळाला की चित्रपट पात्र ठरतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चिदानंद नाईक यांनी केलेला कन्नड लघुपट २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थी विभागात पहिला आला आणि पुढं ऑस्करसाठी पात्र ठरला. म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही, अशी ती लोककथा. पुण्यात केलेला, कन्नडमध्ये बोलणारा चित्रपट! या वेळी मी अक्कांना नीट सांगितलं: पात्र झालाय, नामांकन नाही. त्यांनीच मग ती कोंबड्याची गोष्ट मला त्यांच्या आजीच्या शब्दांत सांगितली.

पात्र, प्रवेशिका, शॉर्टलिस्ट, नामांकन, पुरस्कार. बातमीत “ऑस्करच्या शर्यतीत” एवढंच असेल तर यातली कुठली पायरी ते शोधल्याशिवाय वहीत लिहू नका. देशाची प्रवेशिका नसलेला चित्रपटही इतर विभागांत जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा. ‘आरआरआर’ भारताची प्रवेशिका नव्हता, तरी ९५ व्या सोहळ्यात ‘नाटू नाटू’ला गाण्याचं ऑस्कर मिळालं.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी निराळी असते, तेवढी साड्यांवरून सांगते. नवरीसाठी साडी ठरवायला अकरा बायका बसल्यात. लाल साडी पाच जणींची पहिली पसंती, हिरवी चौघींची, निळी दोघींची. अर्ध्यापेक्षा जास्त कुणालाच नाहीत. म्हणून निळी बाजूला काढली आणि त्या दोघींना दुसरी पसंती विचारली. दोघी हिरवी म्हणाल्या. हिरवी सहा, लाल पाच, हिरवी घेतली. ऑस्करमध्येही मतपत्रिकेवर चित्रपट क्रमानं लिहितात आणि तळाचा काढत काढत असंच मोजतात. त्यामुळं थोड्यांना फार आवडलेल्यापेक्षा पुष्कळांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढं सरकतो.

जुना इतिहास फार पाठ करायची गरज नाही, दोन गोष्टी पुरेत. पहिला सोहळा १६ मे १९२९ ला हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात जेवणाच्या पंगतीत झाला. पुरस्कार वाटायला पंधरा मिनिटं लागली आणि नावं तीन महिने आधीच जाहीर होती. दुसरी लखोट्याची. १९४० साली एका वर्तमानपत्रानं नावं सोहळ्याआधीच छापली, तेव्हा पुढच्या वर्षापासून बंद लखोटे आले.

‘लगान’च्या वर्षी, २५ मार्च २००२ ला, मी शेजारच्यांच्या टीव्हीसमोर बसले होते. ऑस्कर बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेलं. घरी येऊन त्याच दिवशी वही घेतली. ‘लगान’चे कपडेही भानु अथैयांचेच, हे मला खूप नंतर कळलं. कळल्यावर पहिल्या वहीतलं पहिलं पान काढून तिथं त्यांचं नाव लाल शाईनं लिहिलं.

सोहळा आपल्याकडं सोमवारी पहाटे असतो, अलीकडं साडेचारला सुरू होतो. आदल्या रात्री पाचांपैकी तुमची निवड पेन्सिलीनं लिहून ठेवा; सकाळी ती खोडायची नाही, शेजारी शाईनं निकाल लिहायचा. भाची साडेचारला चहा ठेवते, अक्का कधी कधी शाल गुंडाळून येतात. आठच्या आत वेशभूषेची ओळ भरून होते. मग आंघोळ, आणि दहाला शटर.