खदानीत पहिली नोकरी: ब्लास्टिंगचं सोडा, बाकीच्या साडेसात तासांचं बोला

मायनिंगचा डिप्लोमा करून राहिलेली पोरं मला विचारतात, दादा गिट्टी खदानीत ब्लास्टिंगची लय भीती वाटते, घरचेही नको म्हणून राहिले, काय करू. मी म्हणतो भीती वाटते ते बरंच आहे, पण ब्लास्टिंगच्या वेळी सगळेच सावध असतात ना बे. सायरन वाजतो, लाल झेंडे लागतात, रस्त्यावर दोन्हीकडून माणसं उभी राहतात, बाकी सगळे शेल्टरमध्ये. अर्ध्या तासाचा खेळ. उरलेले साडेसात तास कोणाचंच लक्ष नसतं, आणि हातपाय मोडतात ते तेव्हाच.

मी नागपूरच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून मायनिंग केलं. बॅचचे सगळे डब्ल्यूसीएलच्या (सरकारी कोळसा कंपनीच्या) मागे, मी लागलो उमरेड रोडच्या बाजूला एका गिट्टी खदानीत. बाबा म्हणाले, कोळशात नाही लागला का रे? तर असो.

पहिल्यांदा दगड समजून घ्या. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला, त्यात उभ्या भेगा असतात आणि दोन थरांच्या मधात कुठे कुठे लाल मातीचा पट्टा येतो. कॉलेजात रेड बोल म्हणून दोन मार्कांना शिकलो होतो, खदानीत जुने लोक नुसतं लाल पट्टी म्हणतात. पावसाचं पाणी भेगेतून उतरतं, लाल पट्टीवर थांबतं, पट्टी भिजून साबणासारखी होते आणि वरचा दगड कोणी हात न लावता सरकतो.

माझा पहिला जुलै. मी भिंतीच्या पायथ्याशी टेप धरून मोजमाप करत होतो, तर ड्रिलवरच्या काकांनी लांबून हाक मारली, "साहेब, वरून खडा आला, बाहेर या." मला काही दिसलंच नाही. वाटाण्याएवढे दोन खडे टपटप पडले होते, बस. काकांनी पोकलेनही मागे घ्यायला लावली, मुनीम चिडला, टिप्पर खाली उभे आहेत आणि तुम्ही खडे मोजून राहिले म्हणे. त्या दिवशी काहीच पडलं नाही, सगळे हसले, मलाही वाटलं उगाच. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ओम्नी गाडीएवढा एक चिरा अगदी तिथेच येऊन पडलेला, माझी चुन्याची खूण त्याच्याखाली. रात्री पडला म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वरच्या काठावरून एक चक्कर मारतोच. नवीन भेग दिसते का, जुनी भेग रुंदावली का, पाणी कुठे मुरून राहिलं, ते पाहतो, मग सैल दगड वरून खाली झाडून घेतो. कडक दगडात बेंच, म्हणजे भिंतीत पाडलेला पायरीसारखा टप्पा, ६ मीटरपेक्षा उंच न्यायचा तर डीजीएमएसची (खाण सुरक्षेच्या केंद्रीय खात्याची) परवानगी लागते, आणि खालून पोखरून वरचा भाग लटकत ठेवणं तर चालतच नाही. पाहाल तर दिसेल, छोट्या खदानीत एकच सरळ भिंत उभी असते आणि बेंच फक्त नकाशात. पहिल्या दिवशी भिंतीकडेच पाहा, पगाराचं नंतर बोला.

आता धूळ. स्फोटकं भरायला दगडात होल मारताना पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ जागीच बसते. आमच्याकडे मशीनला पाण्याचा पाइप होता, पण चिखल होतो आणि काम हळू होतं म्हणून तो गुंडाळून खुंटीला टांगलेला, इन्स्पेक्शन आलं की लागायचा. काका तोंडाला दुपट्टा बांधायचे. जेवायच्या आधी तो धुतला की बादलीतलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं व्हायचं, त्यांना वाटायचं पाहा किती धूळ अडवली. पण दुपट्टा अडवतो ती जाडी धूळ, फुफ्फुसात खोल जाते ती बारीक, डोळ्याला दिसतही नाही आणि कापडातून आरामात जाते. त्याला एन-९५ किंवा वरचा मास्कच पाहिजे, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही, बाजूने हवा येते. (मी दाढी काढली तर बायको आठवडाभर हसली.)

काळ्या दगडात मोकळी सिलिका (गारेतलं खनिज, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक) कमी असते हे खरं, पण रामटेक-मनसरकडे क्वार्ट्झाइट आणि नाइस हे सिलिकावाले दगड लागतात, तिथे गोष्ट वेगळी. नियम असा की श्वासात जाणाऱ्या धुळीत सिलिका ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मर्यादा घनमीटरला ३ मिलिग्रॅम, जास्त असेल तर १५ ला त्या टक्क्यांनी भागायचं. म्हणजे ३० टक्के निघाली तर फक्त अर्धा मिलिग्रॅम. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, झाला की बरा होत नाही, वरून टीबीचा धोका वाढतो. क्रशरच्या आवाजाचंही तसंच, ८५ डेसिबलला इशारा आणि ९० ला धोका, कान कधी गेले ते बायको टीव्हीचा आवाज कमी करायला लागली की कळतं.

मिसफायरचं, म्हणजे होलमधली स्फोटकं उडालीच नाहीत त्याचं, थोडक्यात सांगतो: फसलेल्या होलजवळ अर्धा तास जायचं नाही, त्यातली माती उकरायची नाही, आणि जुन्या होलच्या उरलेल्या बुडात परत ड्रिल तर कधीच लावायचं नाही, कोणी कितीही म्हणू दे. टिप्पर रिव्हर्स येताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही हे धरूनच चाला, आणि काठावर टायरच्या उंचीएवढा तरी मातीचा बांध आहे का पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, खड्ड्यात हवा फिरत नाही आणि काळा दगड तापतो, तेव्हा जड काम सकाळी उरकायचं. चक्कर आली ते सांगायला पोरं लाजतात, लाजू नका.

आणखी एक, सगळ्या खदानींना मायनिंगचा कायदा सारखा लागू नव्हता. ६ मीटरपेक्षा खोल नाही, ५० पेक्षा जास्त माणसं नाहीत, स्फोटकं वापरत नाही, अशांना १९५२ च्या माइन्स ॲक्टमधून बरीचशी सूट होती. म्हणून हजेरीवर नेहमी एकोणपन्नास माणसं! आता नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आलेत, त्यात नेमणूक पत्र द्यावंच लागतं. ते मागा, तोंडी "ये उद्यापासून" वर जाऊ नका.

आणि लागताना मेडिकल होतं, छातीचा एक्स-रे, फुंकायची टेस्ट, कानाची टेस्ट. त्याच्या सर्टिफिकेटला फॉर्म ओ म्हणायचो आम्ही, त्याची झेरॉक्स आणि एक्स-रेची फिल्म घरी ठेवा. ऑफिसच्या कपाटावर विसंबू नका. काकांनी तेवीस वर्षं ड्रिल धरली, तीन मालक बदलले, दोन क्रशर बंद पडले. आता जिना चढताना मधातच बसतात, डॉक्टर विचारतो आधीचा एक्स-रे कुठे आहे, कुठे कुठे काम केलं त्याचा कागद दाखवा. त्यांच्याजवळ एक जुना गेटपास आहे, त्यावर नावही चुकलेलं.