साखळीचोराचा चेहरा ओळख परेडीपर्यंत कसा जपायचा

मे महिन्यात नागपुरात दुचाकीवरचे बहुतेक जण तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच निघतात. साखळीचोराला याहून सोयीचं काय! धरमपेठेत तुमच्या डोळ्यांदेखत कुणाचं मंगळसूत्र गेलं, तर दिसणार फार तर कपाळ आणि डोळे. तरी महिनाभराने संशयिताला इतरांसोबत रांगेत उभं केलं (हीच ओळख परेड) की साक्षीदार अख्खा चेहरा ओळखतो, आणि तेही प्रामाणिकपणे. मधल्या दिवसांत बातमीतला फोटो, शेजाऱ्याचं वर्णन, पोलिसांचा एखादा प्रश्न असं सगळं आठवणीत मिसळत जातं. सांभाळायचे आहेत ते हेच दिवस.

कुणाला लागलं असेल तर आधी 112. मग कुणाशीही चर्चा करण्याआधी मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. डोळे मिटून त्या जागी परत जा: ऊन कुठून येत होतं, आवाज कसला होता, तुमचं तोंड कुणीकडे होतं. मग पहिल्यापासून सलग सांगा, क्षुल्लक वाटेल तेही. नंतर शेवटाकडून उलट सांगा. सरळ सांगताना निसटलेलं बऱ्याचदा असं हाती लागतं. फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात बसवलेल्या चौकशीच्या पद्धतीचा हा गाभा. शेवटी अंतर पावलांत मोजून सांगा, उजेड किती होता आणि चेहऱ्याचा कुठला भाग उघडा होता तेही. ‘दिसलं नाही’ ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची. किती सेकंद पाहिलं याचा अंदाज ठोकू नका, घाबरलेल्या माणसाचा तो हमखास फुगतो. चाकू निघाला असेल तर नजर पात्यावर खिळते आणि चेहरा कमी टिपला जातो. पात्याचं वर्णन बारीक आणि चेहऱ्याचं मोघम झालं, तर तसंच राहू द्या.

पोलिसांना जबाब देताना वर्णन याच नोंदीवरून द्या. जबाबात वर्णनच नाही आणि परेडीत मात्र अचूक ओळख, हे दिसलं की बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. ‘त्या गोऱ्या पोराचा शर्ट कोणता होता?’ असं विचारलं, तर आधी सांगा की रंग गोरा होता हे तुम्ही म्हटलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974च्या प्रयोगात लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. प्रश्नातलं क्रियापद जोरकस केलं की वेग जास्त सांगितला गेला, आणि आठवड्याने अधिक जणांना न फुटलेली काचही आठवली.

गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे ‘हाच तो’वाले फोटो उघडूच नका. चेहरा ओळखीचा वाटतो, पण तो कुठे पाहिला हे मेंदू विसरतो. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांच्यावर असाच बलात्काराचा आळ आला. हल्ल्याच्या वेळी ते टीव्हीवर थेट कार्यक्रमात होते. पीडितेने त्यांना पडद्यावर पाहिलं होतं. फोटो दिसलाच असेल, तर तपास अधिकाऱ्याला आणि परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना स्पष्ट सांगा.

आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर परेड सहसा वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात होते. ती कार्यकारी दंडाधिकारी दोन पंचांसमोर घेतात. पोलीस तिथे नसावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयितासोबत किमान सहा जण उभे करायचे, दोन संशयित असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत दोनाहून जास्त संशयित सहसा नकोत. वय, उंची, बांधा मिळताजुळता हवा. गडबड होते ती बारीकसारीक गोष्टींत: एकालाच दाढी, एकाच्याच भुवईवर व्रण, किंवा सगळे बुटात आणि एकटा अनवाणी. व्रण असेल तर सगळ्यांच्या भुवईवर सारखी पट्टी लावणं हा साधा उपाय. ओळख करून बाहेर आलेला साक्षीदार पुन्हा थांबलेल्यांमध्ये जाऊन बसता कामा नये.

आत पाऊल टाकण्याआधी मनाशी पक्कं करा: तो इथे नसेलही. हे वाटतं त्याहून अवघड आहे, कारण एवढी तयारी पाहिली की कुणालातरी निवडायलाच हवं असं वाटतं. मग माणूस रांगेतले चेहरे एकमेकांशी ताडतो आणि त्यातल्या त्यात जवळचा उचलतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी या चुकीवर बरंच काम केलं आहे. प्रत्येक चेहरा फक्त आठवणीशी जुळवा. खरी ओळख बहुधा चटकन पटते. ‘हा नाही, तो नाही, मग हाच असेल’ असं चाललं असेल तर सरळ ‘ओळखता येत नाही’ म्हणा. निर्दोष माणूस त्यामुळेच वाचतो.

ओळख पटली तर खात्री किती, ते तिथल्या तिथे आपल्या शब्दांत सांगा: ‘नक्की हाच’, ‘बहुतेक हा’, ‘फक्त डोळे तसे वाटतात’. पंचनाम्यात हेच शब्द लिहून घ्यायला सांगा. बाहेर कुणी ‘बरोबर ओळखलंत’ म्हणालं की खात्री वाढते, इतकंच काय, आपण चेहरा नीट पाहिला होता असंही वाटू लागतं. वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी 1998 साली हे दाखवून दिलं.

कायद्याने मुख्य पुरावा म्हणजे कोर्टातली ओळख. परेड तिला फक्त बळकटी देते. पण सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तुमची साक्ष निघेपर्यंत वर्षं जातात, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस कुणीही दाखवेल. उलटतपासणीत ‘तेव्हा किती खात्री होती?’ असं विचारलं, तर पंचनाम्यातले शब्द सांगा, आज वाटते ती खात्री सांगू नका.