स्लर्मवरचा चालू जॉब कसा थांबवावा: रद्द करणं आणि सिग्नल पाठवणं

‘जॉब थांबवायचाय? एसकॅन्सल मार, पुढे नंबर दे, झालं.’ प्रत्येक लॅबमध्ये सीनियरकडून ज्युनियरकडे हा सल्ला जातो, आणि तो अर्धाच आहे. रांगेत पडलेल्या जॉबसाठी तो पुरेसा आहे. पण दोन दिवस चाललेलं सिम्युलेशन असंच मारलं, तर शेवटच्या चेकपॉइंटनंतरची (म्हणजे जिथून पुढे सुरू करता येतं अशी जपून ठेवलेली मधली स्थिती, तिच्यानंतरची) सगळी मोजणी जाते, आणि ती परत करायला तुमचे कोअर-तास पुन्हा खर्च होतात. हे तास तुमच्या एकट्याचे नसतात. ग्रुपच्या कोट्यातून आणि रांगेत ताटकळणाऱ्यांच्या वाट्यातून ते जातात.

हा लेख स्लर्मबद्दल आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेला हा शेड्युलर, म्हणजे कुणाचा जॉब कधी आणि कोणत्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) चालेल ते ठरवणारा प्रोग्राम, आज जगभरच्या क्लस्टरवर आहे, आणि आयसर पुण्याच्या परम ब्रह्म या महासंगणकावरही तोच आहे. कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. सिग्नलची नावं, जॉबच्या स्थिती आणि स्क्रिप्टमधला #एसबॅच मात्र कॅपिटलमध्ये.

पहिली पायरी, नेमका जॉब ओळखा. ‘एसक्यू --मी’नं (squeue) यादी येते. नावावरून कळत नसेल तर ‘एसकंट्रोल शो जॉब ४८२१५’ करून कामाची डिरेक्टरी पाहा. सगळ्या जॉबना ‘टेस्ट’ असं नाव देणाऱ्यांनी ही पायरी कधीच गाळू नये.

जॉब अजून रांगेत असेल तर ‘एसकॅन्सल ४८२१५’, विषय संपला. फक्त थोडा वेळ अडवून ठेवायचा असेल तर रद्द करू नका. ‘एसकंट्रोल होल्ड’ आणि नंतर ‘एसकंट्रोल रिलीज’ वापरा, म्हणजे तो पुन्हा सबमिट करावा लागत नाही.

बरेच जॉब एकदम काढायचे असतील तर ‘एसकॅन्सल -यू’ आणि पुढे स्वतःचं यूझरनेम, हा सल्ला कोणीही देतं. तो देणाऱ्याला विचारा, तुमचं ज्युपिटरचं सेशन आणि संपत आलेला जॉब यांचं काय होणार? तेही जातात. नेहमी गाळणी लावा:

एसकॅन्सल --मी --स्टेट=पेंडिंग
एसकॅन्सल --मी --नेम=पाणी_३००के
एसकॅन्सल --मी --पार्टिशन=जीपीयू --इंटरॅक्टिव्ह

शेवटचा पर्याय प्रत्येक जॉबबद्दल विचारून मगच मारतो. शंका असेल तेव्हा तो लावाच.

जॉब अॅरेमध्ये (एकाच स्क्रिप्टचे अनेक तुकडे एका नंबराखाली टाकलेले असतात तेव्हा) ‘एसकॅन्सल ४८२१५’ म्हटलं की अख्खा अॅरे जातो. एकच तुकडा काढायचा तर ४८२१५_७ लिहा, सलग तुकडे काढायचे तर '४८२१५_[१०-२०]'. चौकटी कंसाभोवतीचं अवतरणचिन्ह सोडू नका, नाहीतर काही शेल तो कंस स्वतःच वाचायला जातात. जॉब चालू ठेवून त्यातली एकच स्टेप (स्क्रिप्टमधल्या एसरन या कमांडनं सुरू केलेलं एक काम) थांबवायची असेल तर टिंब देऊन स्टेपचा नंबर लिहा: ४८२१५.०.

आता मुख्य भाग. मलाही इथेच सर्वांत जास्त झगडावं लागलं, आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वांत जास्त मिळतात.

साध्या एसकॅन्सलनं चालू जॉबला आधी कॉन्ट (चालू राहा) आणि टर्म (आवरतं घे) हे सिग्नल, म्हणजे प्रोग्रामला द्यायचे ठरावीक इशारे, जातात. मग ‘किलवेट’ या सेटिंगमध्ये ठरलेली मुदत संपली की किल जातो. मुदत मुळात ३० सेकंदांची असते. तुमच्या क्लस्टरवर किती आहे ते ‘एसकंट्रोल शो कॉन्फिग’मध्ये दिसतं. टर्म ऐकून आवरतं घेणाऱ्या प्रोग्रामला ही मुदत कधी पुरते, पण मोठ्या जॉबला चेकपॉइंट लिहायला बहुधा पुरत नाही. टर्मची सोयच नसलेला प्रोग्राम तर लगेच संपतो. किल कोणत्याही प्रोग्रामला पकडता येत नाही. म्हणून ‘--सिग्नल=किल लाव, लवकर मरतो’ किंवा ‘नोडवर जाऊन किल -९ कर’ हे सल्ले ऐकू नका. पहिल्यानं असलेली मुदतही तुम्ही स्वतःहून घालवता. दुसऱ्यानं एमपीआयचा (अनेक प्रोसेस मिळून एकच मोजणी करतात त्या पद्धतीचा) एक प्रोसेस मरतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत नोड अडवून बसू शकतात.

योग्य रस्ता असा: रद्द करण्याआधी प्रोग्रामला सांगायचं, ‘लिहून घे आणि थांब.’ त्यासाठी एसकॅन्सललाच --सिग्नल हा पर्याय आहे. नीट लक्षात ठेवा, हा पर्याय दिला आणि सिग्नल किल नसेल, तर एसकॅन्सल जॉब रद्द करत नाही, फक्त सिग्नल पोहोचवतो. जॉब ‘आर’ (चालू) स्थितीतच राहतो. पुढचं सगळं तो सिग्नल घेणाऱ्यावर अवलंबून असतं.

आणि घेणारा कोण, याच प्रश्नावर बहुतेकांचं घोडं अडतं. बॅच जॉबमध्ये तुमची बॅश स्क्रिप्ट असते, त्या स्क्रिप्टनं थेट सुरू केलेले प्रोग्राम असतात, आणि एसरननं सुरू केलेल्या स्टेप असतात. सिग्नल कुणाला जाईल हे पर्यायावर ठरतं. नुसतं ‘--सिग्नल=यूएसआर१’ (यूएसआर१ हा वापरणाऱ्यानं हवा तो अर्थ द्यावा म्हणून मोकळा ठेवलेला सिग्नल) दिलं तर तो फक्त स्टेपना जातो, स्क्रिप्टला नाही. स्क्रिप्टमध्ये एसरन नसेल, प्रोग्राम थेट नावानंच चालवला असेल, तर तो सिग्नल कुणालाच मिळत नाही आणि तुम्ही लॉगकडे बघत बसता. ‘--बॅच’ जोडलं तर फक्त स्क्रिप्टच्या शेलला मिळतो, तिच्या पोटातल्या प्रोग्रामना नाही. ‘--फुल’ जोडलं तर स्क्रिप्ट, तिची मुलं आणि स्टेप, सगळ्यांना मिळतो.

‘मग सरळ --फुलच वापरायचं ना?’ नाही. यूएसआर१ पकडायची सोय प्रोग्राममध्ये नसेल, तर लिनक्सचा मुळातला नियम असा की तो सिग्नल मिळताच प्रोसेस संपतो. म्हणजे ‘निरुपद्रवी’ म्हणून पाठवलेला यूएसआर१ तुमची मोजणी जागच्या जागी मारतो. माझं मत पक्कं आहे: सिग्नल स्क्रिप्टला द्या, आणि प्रोग्रामला काय सांगायचं ते स्क्रिप्टला ठरवू द्या. म्हणून --बॅच.

आता स्क्रिप्टमध्ये ट्रॅप, म्हणजे सिग्नल आला की काय करायचं ते बॅशला सांगणारी ओळ, लावायचा. इथे आणखी एक अडथळा येतो, आणि लोक ‘ट्रॅप चालतच नाही’ म्हणून तो सोडून देतात. बॅश समोर एखादी कमांड चालवत असेल, तर ती संपेपर्यंत ट्रॅपला हात लावत नाही. तुमचा एसरन वीस तास चालणार असेल तर ट्रॅप वीस तासांनीच चालेल. उपाय एकच: प्रोग्राम मागे सोडा आणि शेलला ‘वेट’वर बसवा. वेटमध्ये असताना बॅश सिग्नल लगेच हाताळतो.

#एसबॅच --सिग्नल=बी:यूएसआर१@६००

थांबव() {
  एको "सिग्नल मिळाला: $(डेट)"
  एसकॅन्सल --सिग्नल=टर्म $स्लर्म_जॉब_आयडी
  वेट $पीआयडी
}
ट्रॅप थांबव यूएसआर१

एसरन ./मोजणी &
पीआयडी=$!
वेट $पीआयडी

(फंक्शनचं आणि प्रोग्रामचं नाव तुम्हाला हवं ते द्या. $स्लर्म_जॉब_आयडी मात्र असंच, कॅपिटलमध्ये; त्यात स्लर्म स्वतः जॉबचा नंबर ठेवतो.)

थांबवच्या आतला वेट काढू नका. सिग्नल आला की बाहेरचा वेट लगेच परततो. आत दुसरा वेट नसेल तर स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपाशी पोहोचून संपते. बॅच स्क्रिप्ट संपली म्हणजे जॉब संपला, असं स्लर्म मानतो आणि चेकपॉइंट लिहीत असलेल्या प्रोग्रामलाही मारतो. अर्धवट लिहिलेली फाइल हाती येते, आणि ती न लिहिलेल्या फाइलपेक्षा वाईट. चांगली समजून तुम्ही तिच्यावरूनच पुढे सुरू करता.

थांबवमध्ये ‘किल -टर्म $पीआयडी’ लिहून टर्म थेट एसरनला देऊ नका.   तो मिळाला की एसरन स्टेप जबरदस्तीनं संपवायला घेतो. एसकॅन्सलची ओळ मात्र टर्म स्टेपच्या सगळ्या टास्कपर्यंत नेते. ओपन एमपीआयच्या एमपीआयरनचा भरवसा धरू नका. त्याला टर्म मिळाला की तो सगळे प्रोसेस संपवायलाच घेतो, सवड फारशी देत नाही. यूएसआर१ आणि यूएसआर२ मात्र तो जसेच्या तसे पुढे पाठवतो. म्हणून शक्य तिथे एसरन वापरा.

तुमचा प्रोग्राम टर्मचं काय करतो, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचा. ग्रोमॅक्सचा एमडीरन टर्म मिळाल्यावर चेकपॉइंट लिहून नीट थांबतो, आणि -सीपीआय देऊन तिथूनच पुढे सुरू होतो. वास्पला सिग्नलपेक्षा फाइलची भाषा कळते: कामाच्या डिरेक्टरीत स्टॉपकार नावाची फाइल करून तिच्यात एलस्टॉपला ‘ट्रू’ लिहिलं की तो पुढच्या आयनिक पायरीला थांबतो, आणि एलअॅबॉर्ट लिहिलं की पुढच्या इलेक्ट्रॉनिक पायरीला. क्वांटम एस्प्रेसोही असाच, प्रीफिक्सच्या नावापुढे ‘डॉट एक्झिट’ अशी फाइल दिसली की आवरतं घेतो. अशा प्रोग्रामसाठी थांबव फंक्शनमध्ये एसकॅन्सलच्या ओळीच्या जागी ती फाइल तयार करणारी ओळ टाका. बाकी सांगाडा तोच राहतो.

वरची #एसबॅचची ओळ हेच काम जॉबच्या वेळमर्यादेसाठी करते. ती वेळ संपण्याच्या ६०० सेकंद आधी स्लर्म आपणहून यूएसआर१ पाठवतो. आधीचं ‘बी:’ म्हणजे तो स्क्रिप्टच्या शेलला जाईल. ते विसरलात तर पुन्हा फक्त स्टेपना जाईल. सेकंदांचा आकडाच दिला नाही तर ६० धरले जातात, आणि सांगितलेल्या वेळेच्या ६० सेकंद आधीपर्यंतही सिग्नल येऊ शकतो. तुमच्या प्रोग्रामला एक चेकपॉइंट लिहायला गर्दीच्या वेळी किती लागतात ते लॉगमध्ये पाहा आणि सैल हातानं आकडा द्या. सामायिक डिस्कवर सगळे एकाच वेळी लिहीत असले की दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं घेतं.

हे सगळं खऱ्या जॉबवर पहिल्यांदा करून पाहू नका. डीबग पार्टिशनवर पाच मिनिटांचा जॉब टाका, मोजणीच्या जागी नुसता स्लीप ठेवा, आणि दुसऱ्या टर्मिनलवरून

एसकॅन्सल --सिग्नल=यूएसआर१ --बॅच ४८२१५

पाठवा. ‘सिग्नल मिळाला’ ही ओळ लगेच उमटली पाहिजे. पाच मिनिटांनी उमटली तर तुम्ही & किंवा वेट विसरला आहात. मग तीच चाचणी खऱ्या प्रोग्रामच्या छोट्या इनपुटवर करा, आणि चेकपॉइंटवरून जॉब पुन्हा सुरू होतो का तेही पाहा. चेकपॉइंटची फाइल दिसली म्हणजे ती चालते, असं धरून चालू नका.

सिग्नलनंतर जॉब आपोआप संपला तर एसकॅन्सल वेगळं करायची गरज नाही. पुरेसा वेळ देऊनही तो हलत नसेल, तरच साधं एसकॅन्सल.

एक गोष्ट हमखास राहून जाते: मागे लटकलेले जॉब. ‘आफ्टरओके’ (आधीचा जॉब नीट संपला तरच पुढचा सुरू कर) लावून साखळी केली असेल आणि पहिला जॉब रद्द केला, तर पुढचे बहुतेक क्लस्टरवर आपोआप जात नाहीत. कारणाच्या रकान्यात ‘डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड’ दाखवत ते रांगेत पडून राहतात. हातानं काढा, किंवा सबमिट करतानाच ‘--किल-ऑन-इनव्हॅलिड-डेप=येस’ लिहा.

शेवटी ‘एसअॅक्ट -जे ४८२१५’ (sacct) करून जॉब खरंच कसा संपला ते पाहा. आणि एसक्यूमध्ये तो ‘सीजी’ (संपत असलेला) स्थितीत अडकला असेल, तर पुन्हा पुन्हा एसकॅन्सल मारून काही होत नाही. बहुतेक वेळा प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट पाहत कर्नलमध्ये अडकलेला असतो, आणि अशा अवस्थेत किलही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काही मिनिटं थांबा. तरी सुटला नाही तर अॅडमिनना मेल करा: जॉबचा नंबर, नोडचं नाव, कोणत्या डिरेक्टरीत लिहीत होता आणि एसकॅन्सल किती वाजता दिलं. एवढं लिहिलं तर त्यांना उलट मेल करून विचारावं लागत नाही, आणि तो नोड पुढच्या माणसाला लवकर मिळतो.