दोन भाषांची शाळा: निवडताना काय तपासावं आणि घरी काय करावं

‘द्विभाषिक’ असं लिहिलेल्या दोन शाळांमध्ये प्रत्यक्षात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकीत दोन्ही भाषांत वाचन-लेखन आणि काही विषय नीट शिकवले जातात. दुसरीत सगळे विषय इंग्रजीत आणि मराठीला आठवड्याला चार-पाच तासिका, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असतो. म्हणून ‘कोणत्या भाषा शिकवता?’ असं विचारून फारसं काही कळत नाही. कोणत्या इयत्तेत कोणता विषय कोणत्या भाषेत शिकवता आणि का, असं विचारा आणि वेळापत्रक हातात मागा.

त्यातल्या ‘का’चं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. विचार करून चालवलेल्या शाळेकडे ते तयार असतं. काही शाळा सुरुवातीला नव्वद टक्के वेळ एका भाषेला देतात आणि दरवर्षी थोडं कमी करत निम्म्या-निम्म्यावर येतात. काही पहिल्या वर्षापासूनच निम्मं-निम्मं ठेवतात. काही ठिकाणी गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत. म्हणजे सेमी इंग्रजी. यातली कोणतीही पद्धत चालू शकते, पण त्या पद्धतीचे शिक्षक, पुस्तकं आणि तपासण्या शाळेकडे हव्यात. ‘पालकांची मागणी आहे’ हे एकच उत्तर मिळालं, तर मुलाच्या भाषेचा विचार तिथे कुणी केलेला नाही असं समजा.

घरची भाषा कुठे राहते, ते आधी बघा

लहान मूल परक्या भाषेत टाकलं की ती आपोआप शिकतं, असं मानणारे पालक बऱ्याचदा कॅनडाचं उदाहरण देतात. 1965 मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात झाली. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मुलं फ्रेंच चांगलं शिकली आणि त्यांचं इंग्रजीही टिकलं. पण ती मुलं घरी, शेजारी, दुकानात, पुस्तकांत सगळीकडे इंग्रजीतच वाढत होती, आणि दुसरीपासून शाळेतही इंग्रजी वाचन-लेखन सुरू झालं होतं. घरच्या भाषेला कुठूनच धक्का नव्हता. ज्या घरात मराठीचं एकही पुस्तक नाही आणि शाळेतही ती नावापुरती आहे, तिथे हे उदाहरण लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडली: बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा वेगवेगळ्या वेगाने येतात. मैदानावर खेळताना, डबा मागताना लागणारी दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते. धडा समजून घेणं, कारण सांगणं, तुलना करणं, उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिणं यासाठी लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणूनच पहिली-दुसरीत ‘छान इंग्रजी बोलतो’ म्हणून कौतुक झालेलं मूल तिसरी-चौथीत परिसर अभ्यासाचा धडा पुढे आला की अडतं. बुद्धी तीच असते. भाषेचा तो मजला अजून बांधून झालेला नसतो. शाळेला विचारा: तिसरी-चौथीत विषय अवघड होतात तेव्हा मुलांना कोणत्या भाषेचा आधार देता?

वर्गात बसून काय मोजायचं

एक पूर्ण तासिका मागे बसून बघू द्या अशी विनंती करा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा अटी घालेल, ते योग्यच आहे. पण वर्ग दाखवायलाच नकार असेल, तर ती नोंद घ्या. बसल्यावर बाईंपेक्षा मुलांकडे लक्ष ठेवा. चाळीस मिनिटांत किती मुलं एका शब्दापेक्षा लांब काही बोलली? सगळ्यांनी एका सुरात ‘येस टीचर’ म्हटलं, ते धरू नका.

भाषांची अदलाबदल कशी होते तेही ऐका. एक वाक्य इंग्रजीत, लगेच तेच मराठीत, पुन्हा इंग्रजीत, अशी पद्धत खूप दिसते. मुलं आठवडाभरात हुशार होतात: पहिलं वाक्य सोडून देतात आणि दुसऱ्याची वाट बघतात. तास दोन भाषांत झाला तरी इंग्रजी कुणी ऐकलेलंच नसतं. चांगल्या वर्गात बदल ठरवून होतो. कल्पना घरच्या भाषेत चर्चेने समजते, मग दुसऱ्या भाषेतले पाच-सहा शब्द चित्रांसह, हातवाऱ्यांसह येतात, आणि त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं फक्त दुसरी भाषा चालते. शिक्षकांना ती भाषा पुस्तकात न बघता दहा मिनिटं सहज बोलता येते का, हे तेव्हाच कळतं.

मग वह्या मागा. शाळा सगळ्यात सुंदर वही पुढे करेल. तुम्ही मधल्या मुलांच्या तीन वह्या मागा, दोन्ही भाषांतल्या. तिन्हींत शब्द न शब्द तीच वाक्यं असतील तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत, अक्षर कितीही वळणदार असो. एकाने ‘माझी मांजर पलंगाखाली लपते’ आणि दुसऱ्याने ‘मांजर दूध पीते’ असं चुकीच्या वेलांटीसह लिहिलं असेल, तर तिथे मुलं खरंच लिहितात. बाईंनी लाल शाईने पान भरून टाकलंय, की एक-दोनच चुका निवडून दुरुस्त केल्यात, तेही बघा. पहिलीतलं मूल एका वेळी दहा चुका सुधारू शकत नाही.

ग्रंथालयात मराठी पुस्तकांची पानं दुमडलेली, हाताळलेली आहेत का? कपाटाला कुलूप असेल तर पुस्तकांची संख्या विचारण्यात अर्थ नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाची प्रवेशासाठी तोंडी परीक्षा घेणाऱ्या शाळेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: तिला तयार मुलं हवी आहेत, शिकवायची नाहीत.

आणि अंतर. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते, सहा वर्षांपुढे 9 ते 12 तास. घड्याळ उलटं मोजा. सकाळी सहाला उठायचं असेल तर पहिलीतलं मूल रात्री साडेआठपर्यंत झोपलं पाहिजे. बसमध्ये रोज दोन तास जात असतील तर खेळ आणि झोप यांतलं एक कापलं जाणार. थोडी साधी पण जवळची शाळा अशा वेळी अधिक चांगली ठरते.

दोन लिप्यांचा घोळ कसा टाळायचा

दुसरी भाषा ऐकणं-बोलणं पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हरकत नाही. वाचनाचं तसं नाही. घरच्या भाषेत मूल काना-मात्रा-वेलांटी असलेली नवी, पाठ नसलेली साधी वाक्यं वाचू लागलं की मग दुसरी लिपी सोपी जाते, कारण खुणांतून आवाज आणि आवाजातून अर्थ काढायची युक्ती त्याला कळलेली असते. ती पुन्हा शिकावी लागत नाही.

मराठी वाचनाला ‘अ ते ज्ञ’ क्रमाने सुरुवात करण्यात बरेच महिने वाया जातात. न, क, म, र, ल ही पाच अक्षरं आणि काना एवढं आलं की नाक, कान, काम, काका, मामा, लाल, कमान, कमाल इतकं वाचता येतं. पहिल्याच महिन्यात आपण वाचतोय हा अनुभव मुलाला मिळतो. दिसायला जवळची अक्षरं, म्हणजे भ-म, घ-ध, थ-य, ब-व, एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरं घ्या. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना अक्षराच्या आधी असते, म्हणून ‘कविता’ हा शब्द मुलं ‘किवता’ वाचतात. वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगाने रंगवायला दिलं की ती चूक लवकर जाते.

इंग्रजीत अडचण वेगळी. तिथे अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे आवाज आधी घेतले की सॅट, टॅप, पिन, नॅप असे शब्द जुळतात. देवनागरी शिकलेलं मूल मात्र प्रत्येक आवाजात ‘अ’ मिसळतं: ‘स-ॲ-ट’. मग जोडताना शब्द सापडत नाही. तो आवाज ‘स’ न म्हणता फुग्यातली हवा सुटावी तसा लांब ‘स्स्स्’ म्हणून दाखवा. ट आणि प लांबवता येत नाहीत, ते अगदी तोडून म्हणा.

आकड्यांमध्ये अडकतं ते

गणित इंग्रजीत आणि घर मराठीत असेल तर ही जागा जपा. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतो, ट्वेंटी फाइव्ह म्हणताना आधी वीस. म्हणून पंचवीस ऐकून मूल 52 लिहितं. एकोणतीसमध्ये तर ‘तीस’ ऐकू येतं, आणि मूल लगेच 3 लिहून बसतं. हा निष्काळजीपणा नाही, त्याने नीट ऐकल्याचाच तो परिणाम आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून ‘दोन दहा, पाच सुटे’ म्हणा, मग पंचवीस, मग ट्वेंटी फाइव्ह, मग आकडा लिहा. रोज पाच आकडे पुरेत.

शाब्दिक उदाहरण चुकलं तर ओरडण्याआधी तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवा. लगेच सुटलं तर गणित येतंय, भाषा कमी पडतेय. मराठीतही सुटलं नाही, तर बेरीज-वजाबाकीची कल्पनाच पुन्हा वस्तू घेऊन शिकवायला हवी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकसारखी शिकवणी लावून दोन्ही सुटत नाहीत.

घरी

शाळा इंग्रजी म्हणून घरीही मोडक्या इंग्रजीत बोलायला लागणं, ही पालकांकडून होणारी सगळ्यात महागडी चूक. ‘कम, सिट, फिनिश फास्ट’ एवढ्यावर संवाद आला की मुलाच्या वाट्याला हुकूम येतात. गोष्ट, कारण, थट्टा, समजूत जाते. ज्या भाषेत तुम्हाला रागावता, समजावता आणि हसवता येतं त्याच भाषेत बोला. त्या भाषेत मुलाला ‘कारण’, ‘नाहीतर’, ‘जोपर्यंत’ हे शब्द वापरता आले, की दुसऱ्या भाषेत त्यांची जागा तयार असते.

रोज पंधरा मिनिटं पुस्तक वाचा. सरळ वाचत सुटू नका. एका पानावर थांबून ‘आता ही काय करेल?’ विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. पालक बहुधा दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मूल ‘पडेल’ म्हणालं, तर ‘हो, फांदी बारीक आहे म्हणून पडेल’ एवढी भर घाला. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी वाचा.

मूल ‘मी वॉटर ड्रिंक केलं’ म्हणालं तर टोकू नका. ‘पाणी प्यायलास? थंड होतं का?’ असं योग्य वाक्य सहज परत द्या. दोन भाषा मिसळणं हे गोंधळाचं लक्षण नाही. दोन भाषांत वाढणारी सगळीच मुलं ते करतात.

कार्टून लावून इंग्रजी येईल या भरवशावर राहू नका. पडदा मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला आहे, आणि कमी तितकं चांगलं.

लिहिण्याची घाई नको. माती मळणं, कागद फाडणं, बोथट कात्री, मणी ओवणं यातून बोटं तयार होतात. पेन्सिल मुठीत धरणाऱ्याला खडूचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा द्या. तो मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो.

कधी थांबून बघायचं

नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं. घरी नेहमीसारखं बोलत असेल आणि वर्गातल्या सूचना पाळत असेल तर धीर धरा, ‘इंग्रजीत बोलून दाखव’ म्हणू नका.

पण घरच्या भाषेतही अडचण दिसत असेल तर वाट बघू नका. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तीन-साडेतीन वर्षांनंतरही बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं बहुतांशी कळत नसेल, तर आधी कानांची तपासणी आणि मग वाचा-भाषा तज्ज्ञ. शब्द मोजायचे ते दोन्ही भाषांचे मिळून. मराठीत तीस आणि इंग्रजीत पंचवीस वेगळे शब्द असतील तर मुलाकडे पंचावन्न शब्द आहेत. भाषेचा खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एकीतच दिसत असेल तर बहुधा त्या भाषेचा सराव कमी पडलेला असतो. ‘घरची भाषा बंद करा’ असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, आणि एक भाषा काढून घेतल्याने तो बराही होत नाही.

प्रवेशानंतर दर सहा महिन्यांनी घरीच एक तपासणी करा. न वाचलेल्या पुस्तकातलं एक पान मराठीत आणि एक इंग्रजीत वाचायला द्या, पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते मराठीत सांगायला लावा. इंग्रजी पान खडाखड वाचून अर्थ शून्य असेल, तर वाचनाचा वेग कौतुकाचा नाही. तारीख टाकून दोन ओळी लिहून ठेवा आणि पालकसभेला ते टिपण घेऊन जा. ‘अभ्यास कसा चाललाय?’ या मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. ‘हे पान वाचता आलं पण सांगता आलं नाही, वर्गात काय दिसतं?’ असं विचारलं की बाईंनाही नेमकं बोलावं लागतं.