अनोळखी यीस्ट जनुक आणि पेटिट मोजणी

यीस्टचं एखादं जनुक काढून टाकल्यावर मायटोकाँड्रियाचा डीएनए कळीपर्यंत, म्हणजे फुटणाऱ्या नव्या पेशीपर्यंत, नीट पोहोचतो का, हे बघायला सुरुवातीला कॉलन्या मोजता आल्या तरी पुरे. तो डीएनए हरवलेल्या पेशींचं श्वसन बंद पडतं आणि कॉलनी बुटकी राहते, तीच पेटिट. 'एआयएम' नावाची यीस्टची बरीच जनुकं अशाच मोजणीतून पुढे आली. त्यातल्या काहींचं काम अजून उलगडलेलं नाही.

सगळ्यात जास्त गडबड सुरुवातीलाच होते. फ्रीझरमधला स्ट्रेन थेट ग्लुकोजवर वाढवू नका, त्यात जुन्या पेटिट पेशी असतात. आधी ३% ग्लिसरॉलच्या वायपीजी (ग्लिसरॉलचं माध्यम, जे फक्त श्वसन करणाऱ्या पेशींनाच वापरता येतं) प्लेटवर ३०° सेल्सिअसला वेगळ्या कॉलन्या येऊ द्या. इथे वाढलीच नाही, तर ही मोजणी त्या स्ट्रेनसाठी नाही.

वाढली तर एकेका कॉलनीतून ५ मिली वायपीडीत (ग्लुकोजच्या माध्यमात) रात्रभर वाढवा. ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींच्या संख्येचा अंदाज) १ करून दहा हजार पट पातळ करा आणि १०० मायक्रोलिटर पसरा. साधारण २०० कॉलन्या येतात. प्लेटमध्ये ३% ग्लिसरॉल आणि फक्त ०.१% ग्लुकोज हवं. ग्लुकोज संपलं की पेटिट थांबते, बाकीच्या वाढत राहतात. चार-पाच दिवसांत फरक डोळ्यांना दिसतो. शंका असेल तर ०.१% टेट्राझोलियम (श्वसन दाखवणारं रंगद्रव्य) मिसळलेलं कोमट अगार वर ओता: श्वसन करणाऱ्या कॉलन्या लाल होतात, पेटिट पांढऱ्या राहतात.

एकाच कल्चरवर विसंबू नका. पेटिट लवकर तयार झाली तर तिची पिलावळ आकडा फुगवते. सहा-आठ स्वतंत्र कल्चर घ्या आणि मध्यक पाहा, सरासरी नको. तुलना त्याच मूळ स्ट्रेनशी करा, कारण एस२८८सी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यीस्ट वंशात पेटिट मुळातच जास्त निघतात.

निघालेल्या पेटिटचा संकर विरुद्ध मेटिंग टाइपच्या (यीस्टच्या दुसऱ्या लिंगाच्या) रो-झीरो स्ट्रेनशी, म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए अजिबात नसलेल्या स्ट्रेनशी, करा. संकरातून आलेला डिप्लॉइड (जनुकांच्या दोन प्रती असलेला) ग्लिसरॉलवर वाढला, तर मायटोकाँड्रियाचा डीएनए शाबूत होता आणि बिघाड केंद्रकातल्या जनुकात आहे. नाही वाढला, तर डीएनए खरोखर गेला किंवा तुटला.

आता राहिला टेट्राडचा, म्हणजे एका डिप्लॉइड पेशीतून होणाऱ्या चार बीजाणूंचा, प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. जनुकाची एकच प्रत काढलेला डिप्लॉइड ग्लिसरॉलवरूनच घ्या, कारण पेटिट डिप्लॉइड बीजाणू करत नाही. काढलेल्या जनुकाच्या जागी जी४१८ या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक घातलेलं असेल, तर चारांतले जी४१८ वर वाढणारे दोनच बीजाणू प्रत्येक टेट्राडमध्ये जास्त पेटिट देत असतील, तर संशय त्या जनुकावर. प्लाझ्मिडवरून (पेशीत घालता येणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) तेच जनुक परत दिल्यावर आकडा खाली यायला हवा. आला नाही, तर शेजारचं जनुक तपासा.